हिमलोट : बर्फाच्या पोटात काय दडते?

दमणगंगेच्या काठी वसलेल्या सिल्वासा शहराला हिमाचा परिचय नाही. पौषातल्या पहाटे गवतावर दव दाटते, खानवेलकडील टेकड्यांवर धुके उतरते, अंगणात शेकोट्या पेटतात. यापलीकडे इथल्या थंडीची मजल जात नाही. तथापि नाताळच्या सुटीच्या सुमारास वापी स्थानकावर घटकाभर उभे राहिले, तर उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत लोकरी टोप्या आणि जाड कोट बरोबर घेतलेली कुटुंबे हटकून दिसतात. पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या बांधलेले तरुणही दिसतात. कुणाला मनालीला जावयाचे असते, कुणाला गुलमर्गला, तर कुणाला गढवालमधील एखाद्या हिमाच्छादित शिखरावर पायी चढावयाचे असते. दादरा व नगर हवेली, पालघर, नाशिक, ठाणे या साऱ्या मुलखातून ही पाऊले दरवर्षी बर्फाकडे वळतात. याच मराठी मुलखातील कितीतरी घरांतले मुलगे लष्कराच्या सेवेत तो बर्फ बारमाही तुडवीत असतात.

पर्वताचे शुभ्र रूप पाहण्याची ओढ स्वाभाविक आहे. पण सपाटीवरच्या माणसाला बर्फ म्हणजे एकजिनसी, मऊ, निरुपद्रवी अशी पांढरी वस्तू वाटते. अनर्थाची सुरुवात बहुधा या समजुतीपासूनच होते. डोंगरउतारावर साठलेला बर्फ एकजिनसी कधीच नसतो. त्याच्या पोटात सबंध हिवाळ्याचा इतिहास थराथराने रचलेला असतो, आणि माणसाचा घात होतो तो बहुधा वर दिसणाऱ्या थरामुळे नव्हे, तर खाली दडलेल्या एखाद्या बोटभर जाडीच्या थरामुळे.

सह्याद्रीच्या सावलीत राहणाऱ्यांना ही गोष्ट समजण्यास फारसे सायास पडू नयेत. पावसाळ्यात दरड कोसळते म्हणजे काय होते, हे या मुलखाने पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा उतार घसरून आला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. या घटनांत डोंगराचा खडक मोडून पडला असे नव्हे. खडकावर असलेला मातीचा थर पाण्याने जड झाला, त्याची खालची पकड सैल झाली, आणि वरचे ओझे पेलण्याचे बळ जिथे संपले तिथून सारा थर निसटला. उतार, त्यावरचे ओझे आणि त्या ओझ्याखालचा दुबळा थर ही तीन कारणे एकत्र आली की डोंगर सुटतो. हिमलोटाची कारणेही हीच तीन आहेत. भेद एवढाच की, दरडीत दुबळेपणा पाण्याने येतो, तर बर्फात तो पुष्कळदा निव्वळ थंडीने येतो. दुसरा भेद अधिक भयावह आहे. दरड सहसा मुसळधार पावसात कोसळते आणि आकाश तिची वर्दी देते. हिमलोट मात्र लख्ख उन्हात, निवांत सकाळी, एका माणसाच्या पावलाच्या भारानेही सुटू शकतो.

पश्चिम हिमालयात बर्फ पडतो तो मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणारे वादळी हवेचे पट्टे, ज्यांना हवामानशास्त्रज्ञ पश्चिमी विक्षोभ म्हणतात, ते काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडाच्या पर्वतांना येऊन भिडतात. प्रत्येक विक्षोभाबरोबर बर्फाचा एक थर पडतो. दोन विक्षोभांच्या मध्ये कधी कडक ऊन पडते, कधी निरभ्र आकाशाखाली रात्रभर गोठवणारी थंडी पडते, कधी सोसाट्याचा वारा वाहतो. या प्रत्येकाची खूण त्या त्या वेळच्या पृष्ठभागावर उमटते आणि पुढचा बर्फ पडला की ती खाली झाकली जाते. कापणीनंतर शेतकरी भाताच्या पेंढ्या एकावर एक रचून उडवी घालतो, तशीच ही रचना होय. एक फरक मात्र आहे. शेतकरी प्रत्येक पेंढी नीट बसली की नाही हे पाहतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फाचे थर रचताना अशी काळजी घेणारा कुणी नसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जमिनीवर पडलेला बर्फ तसाच राहत नाही. षट्कोनी चांदण्यांसारखे त्याचे नाजूक स्फटिक पडल्या क्षणापासून बदलू लागतात. हवामान अनुकूल असेल तर त्यांची टोके झिजतात, कण गोलसर होतात, एकमेकांना बिलगतात आणि थर घट्ट होतो. पण नेहमीच असे होत नाही. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे बर्फाच्या मानाने उबदार असते आणि वरची हवा अतिशय थंड असते. उबेकडून थंडीकडे बाष्प सरकते. हा प्रवास वेगाने होऊ लागला, तर कणांना एकमेकांशी सांधण्यास अवसर मिळत नाही. ते टोकदार, कंगोरेदार आणि सुटे होतात. हातात घेतले तर ते खडीसाखरेच्या भरडीसारखे बोटांमधून ओघळून जातात.

हा प्रवास केव्हा वेगाने होतो, हे समजण्यास साधा हिशेब पुरे. एका उतारावर अर्धा मीटर बर्फ आहे असे समजा. जमिनीलगत तापमान शून्य अंश, तर पृष्ठभागी रात्री उणे १५ अंश. म्हणजे दर १० सेंटिमीटर खोलीला ३ अंशांचा फरक पडला. त्याच रात्री शेजारच्या उतारावर २ मीटर बर्फ असेल, तर हाच फरक दर १० सेंटिमीटरला पाऊण अंशच होईल. स्फटिक सुटे पडू लागण्याची सीमा स्थूलमानाने दर १० सेंटिमीटरला १ अंश अशी धरतात. म्हणजे जाड थर आतून घट्ट होत जातो आणि पातळ थर आतून पोकळ होत जातो. जेथे हिवाळ्याच्या आरंभी थोडासाच बर्फ पडून नंतर दीर्घकाळ कोरडी थंडी पडली, तेथे जमिनीलगत हा साखरी थर तयार झालेला असतो. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत त्यावर चांगला मीटरभर बर्फ पडला, की प्रवासी म्हणतो, ‘यंदा बर्फ छान आहे.’ वस्तुतः तो पोकळ पायावर बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर उभा असतो. थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका, ही सामान्य माणसाची समजूत इथे सपशेल उलटी ठरते.

दुबळा थर जमिनीलगतच तयार होतो असेही नाही. निरभ्र, निवांत रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर गोठलेल्या दवाची पिसांसारखी चकचकीत पाती उगवतात. सकाळच्या उन्हात ती डोळ्यांना मोह घालतात. पण त्यांवर पुढचा बर्फ पडला की हाच मोहक थर दोन थरांमधला निसरडा सांधा होऊन बसतो आणि कधीकधी आठवडे न् आठवडे तसाच राहतो. उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा पापुद्राही वरच्या थराला नीट धरून ठेवीत नाही.

हिमलोटाचे प्रकार अनेक आहेत. एका बिंदूपासून निघून खाली पसरत जाणारा सुट्या बर्फाचा ओघळ हा त्यातला साधा प्रकार. वसंतात उन्हाने भिजलेल्या जड बर्फाचा लोट हा दुसरा. पण सर्वांत घातक ठरतो तो पाटासारखा सबंध सुटणारा लोट. त्याची कल्पना घरच्या घरी करता येते. एक पाट तिरपा धरावा, त्यावर मोहरी पसरावी आणि वर हलकेच एक फळी ठेवावी. फळी काही वेळ टिकते. मग तिला बोटाचा किंचित स्पर्श झाला, की ती एका बाजूने न घसरता सगळीच्या सगळी निसटते. उतारावरही असेच घडते. वरचा थर वाऱ्याने दडपून फळीसारखा एकसंध झालेला असतो आणि खाली मोहरीसारखे सुटे कण असतात. माणसाच्या भाराने दुबळा थर एका जागी कोसळला, की ती तडक बर्फाखालून कित्येक मीटर धावत जाते. मग फाटते ते बहुधा माणसाच्या पायाखाली नव्हे, तर त्याच्या वरच्या अंगाला. आणि तो स्वतः त्या सरकत्या फळीच्या मध्यभागी सापडतो.

अशा फळीचे वजन किती असावे? १०० मीटर रुंद, ५० मीटर उंच आणि केवळ अर्धा मीटर जाड असा तुकडा घेतला आणि त्याच्या दर घनमीटरचे वजन २०० किलो धरले, तर एकूण वजन ५०० टन होते. सिल्वासाच्या कारखान्यांतून वापीकडे निघणाऱ्या, प्रत्येकी दहा टन माल भरलेल्या पन्नास मालमोटारी एकाच वेळी एका माणसावर येऊन पडाव्यात, तसे हे आहे. कोरड्या बर्फाचा मोठा लोट ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. आणि वर हिशेबात धरलेला लोट फार मोठा मानला जात नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सगळेच उतार सारखे धोक्याचे नसतात. पाटासारखे लोट बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साचून राहत नाही, तो पडता पडताच ओघळतो. आणि त्याहून सौम्य उतारावर बर्फाला सहसा घसरण्याइतकी ओढ बसत नाही. घरातील सरळ जिना साधारण याच कोनात चढतो. म्हणजे जो उतार चढण्यास फार कठीण नाही आणि घसरगुंडी खेळण्यास फार रंजक आहे, नेमका तोच घातक होय. शिवाय लोट सुटतो उतारावर, पण थांबतो खालच्या सपाटीवर. म्हणून दरीच्या तळाशी मैदानात ठोकलेला तंबू सुरक्षित असतोच असे नाही. देवदारांच्या दाट रानात मध्येच उभा, झाडे नसलेला पट्टा दिसला, किंवा झाडांच्या फांद्या फक्त डोंगराकडच्या बाजूने मोडलेल्या दिसल्या, तर ती हिमलोटाची जुनी वाट आहे असे जाणावे. ज्या वाटेने लोट एकदा आला, त्या वाटेने तो पुन्हा येतो.

झाडांची साक्ष याहूनही खोल असते. हिमलोटाचा तडाखा बसलेल्या झाडाच्या खोडात, त्या वर्षीच्या वलयात, जखमेची खूण राहून जाते. हिमाचल प्रदेशातील अशा वलयांचा अभ्यास करून संशोधकांनी २०१८ साली निष्कर्ष मांडला, की अलीकडच्या दशकांत त्या उतारांवर हिमलोटांचे प्रमाण वाढले असून त्याचा संबंध वाढत्या तापमानाशी आहे. हिवाळ्याच्या अखेरीस हवा लवकर तापली की बर्फ भिजतो, जड होतो आणि आपलीच पकड गमावतो. तेव्हा ‘पूर्वी इथे कधी काही झाले नव्हते’ या वृद्धांच्या अनुभवावरही आता सर्वस्वी विसंबता येत नाही.

हिमालयाचा प्रत्येक भाग वेगळ्या स्वभावाचा आहे. पीरपंजालसारख्या तुलनेने सखल रांगांवर बर्फ भरपूर पडतो आणि लवकर घट्ट होतो; तेथे लोट बहुधा हिमवृष्टी चालू असताना किंवा तिच्या पाठोपाठच्या दिवसांत येतात. लडाख आणि काराकोरमकडे बर्फ कमी, थंडी तीव्र आणि वारा प्रखर असतो. तेथे साखरी थर खोलवर दबा धरून बसतो. त्यातही सियाचिनसारख्या हिमनदीच्या प्रदेशात आणखी एका संकटाची भर पडते. शतकानुशतके गोठून घट्ट झालेल्या बर्फाच्या भिंतीच्या भिंती तेथे कोसळतात.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमधील सोनम या सुमारे १९,६०० फूट उंचीवरील चौकीवर अशीच एक भिंत कोसळली आणि दहा जवान तिच्याखाली गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. माण तालुक्यासारख्या पावसाची वाट पाहणाऱ्या कोरड्या मुलखातील या जवानाला मृत्यू आला तो गोठलेल्या पाण्याच्या डोंगराखाली. शोधपथकांनी सहा दिवस बर्फ फोडला. धारवाड जिल्ह्यातील लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड हे त्या ढिगाऱ्याखाली जिवंत सापडले. पण ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचीही प्राणज्योत मालवली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, काश्मीरच्या गुरेझ भागात हिमलोटांनी आणखी जवानांचे बळी घेतले. त्या वेळीही महाराष्ट्रातील घरांवर शोककळा पसरली. ज्या गावांनी कधी बर्फ पाहिला नाही, त्या गावांनी बर्फाने मारलेल्या मुलांना अग्नी दिला.

लष्कराला ही जोखीम कर्तव्य म्हणून पत्करावी लागते. म्हणूनच तिचा शास्त्रशुद्ध अभ्यासही संरक्षण खात्यानेच प्रथम हाती घेतला. १९६९ साली मनाली येथे हिम आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली. ‘सासे’ या लघुनामाने ती ओळखली जाई. २०२० साली तिचे संरक्षण संशोधन संघटनेच्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीनीकरण होऊन चंडीगड येथील डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट ही संस्था अस्तित्वात आली. पर्वतांतील निरीक्षणकेंद्रांवर बर्फाची जाडी, तापमान, वारा यांच्या नोंदी होतात. ठिकठिकाणी बर्फात खड्डा खणून त्याची उभी भिंत तपासतात. कोणता थर मुठीने दाबला तरी खचतो आणि कोणत्या थरात पेन्सिलीचे टोकही कष्टाने शिरते, हे पाहतात. या साऱ्यावरून हिवाळ्यात विभागवार धोक्याचे इशारे दिले जातात.

या इशाऱ्यांचे मोल काय, हे उत्तराखंडातील एका घटनेने दाखवून दिले. २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे चमोली जिल्ह्यात, बदरीनाथच्या पलीकडील माणा गावाजवळ, सीमेवरील रस्त्याच्या मजुरांच्या छावणीवर हिमलोट आला. आदल्या सायंकाळीच चंडीगडच्या संस्थेने चमोलीसह उंचावरील काही जिल्ह्यांसाठी धोक्याची सूचना दिली होती. ५४ मजूर सापडले. त्यांपैकी ४६ जणांना जिवंत बाहेर काढण्यात यश आले, आठ जण मृत्युमुखी पडले. इतके जण वाचले याचे एक मोठे कारण म्हणजे ते लोखंडी कंटेनरमध्ये झोपलेले होते. त्या खोक्यांनी भार पेलला आणि आत श्वासापुरती हवा राहिली.

या प्रसंगातून हिमलोटाखालील मृत्यूचे खरे कारण स्पष्ट होते. गाडला गेलेला माणूस बहुधा थंडीने मरत नाही. तो गुदमरून मरतो. लोट थांबताच त्यातला बर्फ ओल्या सिमेंटसारखा आवळून बसतो. हातपाय हलत नाहीत, आणि तोंडाभोवतीची थोडीशी हवा उच्छ्वासाने भरून जाते. युरोपातील दीर्घकाळच्या नोंदी सांगतात, की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहा जणांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की वाचणारे तिघांत एक एवढेच उरतात. पर्वतात कोणतेही शोधपथक पंधरा मिनिटांत पोहोचत नाही. म्हणजे गाडल्या गेलेल्याला वाचवू शकतात ते त्याचे सोबतीच. ते मदत आणावयास धावत सुटले, तर बहुधा मृतदेह काढण्यासाठीच परततात.

यासाठी आडवाटेने बर्फात जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन वस्तू असाव्या लागतात. पहिली, अंगावर बांधावयाचे संदेश देणारे व घेणारे छोटे यंत्र. गाडलेल्याच्या यंत्रातून निघणाऱ्या लहरींचा माग इतरांची यंत्रे काढतात. दुसरी, घडीची लांब सळई. तिने खुपसून माणूस नेमका कोठे व किती खोल आहे हे कळते. तिसरी, धातूचे मजबूत फावडे. यांपैकी एक जरी नसली तरी इतर दोन निरुपयोगी ठरतात. यंत्र जागा दाखवील, पण हातांनी तो आवळलेला बर्फ खणता येत नाही. शिवाय यंत्र विकत घेतल्याने ते वापरण्याचे कौशल्य येत नाही. त्याचा सराव आधी करावा लागतो. सोबती शेवटचा कोठे दिसला ती जागा डोळ्यांत पक्की धरून ठेवणे, तेथून खालच्या बाजूस शोध घेणे आणि उताराच्या खालच्या अंगाने आडवे खणत जाणे, हे सारे पंधरा मिनिटांत साधावयाचे असते.

अर्थात ही सगळी साधने संकट ओढवल्यानंतरची. पहिले शहाणपण म्हणजे त्या उतारावर न जाणे. त्यासाठी पर्वत स्वतः पुष्कळ सांगत असतो. आसपासच्या उतारावर ताजा लोट आलेला दिसला, तर याहून स्पष्ट ताकीद दुसरी नाही. चालताना पायाखालून ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खचल्याचा भास झाला, तर खालचा दुबळा थर कोसळला असे समजून आल्या वाटेने परतावे. पावलापासून बर्फावर तडे धावले, तर क्षणभरही थांबू नये. गेल्या चोवीस तासांत फूटभर बर्फ पडला असेल, जोराचा वारा सुटून एका बाजूचा बर्फ दुसऱ्या बाजूस नेऊन टाकीत असेल, किंवा हवा एकाएकी उबदार झाली असेल, तर बेत रहित करावा. हिमवृष्टी थांबून दुसऱ्या दिवशी निळेभोर आकाश उघडते, तेव्हा माणसाचा पाय आवरत नाही. आणि नव्या ओझ्याखाली जुना थर सर्वांत ताणलेला असतो तो नेमका त्याच दिवशी.

धोक्याच्या पायऱ्यांविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. युरोपात १९९३ पासून हिमलोटाचा धोका पाच पायऱ्यांनी सांगतात. सर्वाधिक माणसे पाचव्या किंवा चौथ्या पायरीवर मरत असतील असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात सुमारे निम्मे बळी तिसऱ्या पायरीवर जातात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घराबाहेर पडतच नाहीत. तिसरी पायरी मधली, म्हणून ती ‘चालण्यासारखी’ वाटते. माणूस मधल्या शब्दाचा अर्थ आपल्या इच्छेप्रमाणे लावतो. डोंगर मात्र तसा लावीत नाही.

अनुभव आणि ऋतू यांचाही अतिरिक्त भरवसा धरता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, हिवाळा सुरू होण्याआधीच, उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक द्रौपदी का दांडा या शिखरावर हिमलोटात सापडले. २७ मृतदेह हाती लागले, दोघांचा पत्ता लागला नाही. ते हौशी प्रवासी नव्हते; पर्वतारोहण शिकणारे आणि शिकविणारे होते. उलट ४ एप्रिल २०२३ रोजी, मैदानात उन्हाळा सुरू झालेला असताना, सिक्कीममधील नाथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक बळी पडले. परवाना जेथपर्यंत होता त्याच्या पुढे ते गेले होते, असे अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले. एका घटनेत ज्ञान होते, तरी पर्वत वरचढ ठरला; दुसरीत रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, बर्फात चार घटका खेळण्याच्या हौसेपायी प्राण गेले.

सिल्वासासारख्या गावातून निघणाऱ्या प्रवाशाला बर्फाचे शास्त्र आत्मसात असण्याची अपेक्षा कुणी करणार नाही. पण प्रश्न विचारणे त्याच्या हाती आहे. ज्या संस्थेबरोबर तो पदभ्रमणास जात आहे, तिला त्याने पैसे भरण्यापूर्वीच विचारावे, की त्या विभागाचा हिमलोटाचा इशारा रोज कोण पाहतो? बेत रद्द करण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि रद्द केल्यास पैशांचे काय? तीन साधने प्रत्येकाजवळ आहेत काय? धोक्याचा उतार ओलांडताना माणसे एकेक करून सोडतात, की सगळा तांडा एकदम नेतात? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळत नसतील, तर त्या संस्थेबरोबर न जाणे हेच उत्तर होय. आणि वाटाड्याने वाटेवर ‘आज परत फिरू’ असे म्हटले, तर खर्च झालेल्या पैशांचा, सुटीचा आणि छायाचित्रांचा हिशेब मांडून त्याच्यावर दडपण आणू नये. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते.

पावसाळ्यात दमणगंगेला पूर आला, की काठावरची माणसे पाणी ओसरेपर्यंत वाट पाहतात. पलीकडे कितीही निकडीचे काम असो, गढूळ पाण्यात पाय घालण्यापूर्वी तळाचा अंदाज घेतात, आणि तो नच लागला तर अलीकडेच थांबतात. याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही. नदीचा तळ दिसत नाही म्हणून जी सावधगिरी इथला माणूस लहानपणापासून शिकतो, तीच त्याने उत्तरेकडे निघताना बरोबर न्यावी. बर्फाचाही तळ दिसत नाही.